आल्फ कॉमन: हजार पौंड कोणाला मिळाले?

हजार पौंडांना घेतलेला पहिला फुटबॉलपटू कोण आणि त्या पैशांनी तो श्रीमंत झाला का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: आल्फ कॉमन, फेब्रुवारी १९०५, इंग्लंडमधल्या संडरलंड क्लबकडून मिडल्सब्रो क्लबकडे. दुसऱ्याचं उत्तर 'नाही', आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

ते हजार पौंड क्लबने क्लबला दिले. खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असायची. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. शिवाय १९०१ पासून पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला ४ पौंड. म्हणजे ज्या माणसासाठी हजार मोजले, त्याला तेवढे कमवायला २५० आठवडे लागले असते! किंमत वाचून लोक त्याला पैशाचा लोभी समजतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

बरं, खेळाडू म्हणून तो अस्सल होता. जन्म १८८० चा, संडरलंड शहरातलाच. अंगाने भरलेला, धक्क्याला न डगमगणारा फॉरवर्ड. १९०२ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडसाठी गोल त्याने केला. तो सामना १-१ सुटला आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात शेफील्डने कप नेला. इंग्लंडकडून ३ सामने, २ गोल. १९०४ मध्ये तो घरच्या संडरलंडला परतला आणि काही महिन्यांतच पुन्हा निघाला.

मिडल्सब्रो तेव्हा तळाशी धडपडत होतं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी बाहेरच्या मैदानावर लीगचा एकही सामना जिंकला नव्हता. कॉमनचा पहिलाच सामना पडला त्याच्या जुन्या शेफील्ड युनायटेडविरुद्ध, त्यांच्याच ब्रॅमल लेन मैदानावर. पेनल्टी मिळाली. घ्यायला पुढे आला कॉमन. समोर त्याला ओळखणारे प्रेक्षक, डोक्यावर त्या हजारांचं ओझं. चेंडू जाळ्यात गेला आणि सामना १-० ने मिडल्सब्रोचा झाला. हंगामाअखेर संघ अठरात पंधरावा आला.

पुढे मिडल्सब्रोसाठी लीगमध्ये त्याने ५८ गोल केले. १९१० मध्ये तो वुलिच आर्सेनलला गेला, मग प्रेस्टनला, आणि १९१४ मध्ये थांबला. नंतर डार्लिंग्टनला पब चालवला. १९४६ मध्ये तो तिथेच वारला. खेळाडूंच्या पगारावरची ती मर्यादा उठली १९६१ मध्ये.