वाचकांचे प्रश्न : टाम्पेरे शहराचा परशू

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा भाचा उच्च शिक्षणासाठी फिनलंडमधील टाम्पेरे या शहरात राहतो. तेथील ‘टाप्पारा’ या आइस हॉकी संघाचा मफलर त्याने मला पाठवला आहे. त्याच शहरात ‘इल्व्हेस’ नावाचा दुसरा संघ असून दोघांची चुरस फार जुनी आहे, असे तो सांगतो. आम्ही मंगळवार पेठेतले असल्यामुळे पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम कसे भरते, हे लहानपणापासून पाहत आलो. आपल्याकडे संघ पेठेचा असतो. मग पगारी खेळाडूंचा हा टाप्पारा नेमका कोणाचा? त्याचा इतिहास सांगावा.
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाची सुरुवात नावापासूनच करावी लागेल. फिनिश भाषेत टाप्पारा म्हणजे युद्धात वापरायची कुऱ्हाड, आपल्या शब्दांत परशू. इल्व्हेस म्हणजे लिंक्स, म्हणजेच उत्तरेकडील जंगलांत आढळणारे, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुबके असलेले मोठे रानमांजर. मात्र परशूचे नाव या संघाला जन्मापासून मिळालेले नाही. १९३२ मध्ये शहरातील स्वीडिशभाषक मंडळींनी हा क्लब स्थापन केला, तेव्हा त्याचे नाव ‘टामरफोर्स बोलक्लुब’ असे होते. टामरफोर्स हे टाम्पेरेचेच स्वीडिश नाव, आणि बोलक्लुब म्हणजे चेंडूच्या खेळांचा क्लब. फिनलंड १८०९ पर्यंत काही शतके स्वीडनच्या सत्तेखाली होता आणि आजही तेथे स्वीडिश ही फिनिशच्या जोडीची राजभाषा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अशा क्लबचे नवल वाटत नाही. १९५५ मध्ये स्वीडिश नाव मागे पडून टाप्पारा हे फिनिश नाव आले. इल्व्हेसची स्थापना टाप्पाराच्या स्थापनेआधी एक वर्ष, म्हणजे १९३१ मध्ये झाली होती.

हे शहर आपल्या जिल्ह्यातील माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. दोन सरोवरांच्या मधून टाम्मेरकोस्की हा वेगवान प्रवाह वाहतो, त्याच्या पाण्याची पातळी सुमारे १८ मीटरने उतरते, आणि त्या उतारावरच्या शक्तीवर तेथे गिरण्या उभ्या राहिल्या. जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसाने १८२० मध्ये तेथे कारखाना काढला, तोच पुढे प्रचंड कापड गिरणी झाला. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो, तसे टाम्पेरेला फिनलंडचे मँचेस्टर म्हणतात. इतकेच नव्हे, तर तेथील लोक आपल्या शहराला लाडाने ‘मान्से’ असेच म्हणतात. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी केली आणि पुढे कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले. उद्योग आणि खेळ एकाच गावात शेजारी वाढतात, हे आपण आपल्या अंगणात पाहिलेले आहे.

आता इतिहासातला सर्वांत रोचक भाग. सुरुवातीचा काळ पूर्णपणे इल्व्हेसचा होता : १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सलग तीन, युद्ध संपताच १९४५ ते १९४७ पुन्हा सलग तीन, आणि १९५० ते १९५२ आणखी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी मिळवली. त्यानंतर १९५३ मध्ये धाकट्या शेजाऱ्याने, म्हणजे आजच्या टाप्पाराने, मान मिळवला आणि तोही सलग तीन वर्षे राखला. १९५० ते १९६२ या तेरा हंगामांत केवळ एकदाच, १९५६ मध्ये, अजिंक्यपद टाम्पेरेबाहेर गेले. त्या वर्षी ते तुर्कू शहराच्या संघाने जिंकले. बाकी बारा वेळा ते या दोन शेजाऱ्यांनी आपसांतच फिरवले. मला हा योगायोग वाटत नाही. शेजारच्या पेठेला हरवायचे असेल तर देशातल्या कोणत्याही संघाला हरवण्याइतकी तयारी आपोआप होते, आणि हे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपला मुख्य प्रश्न मालकीचा आहे. पूर्वीचे खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी बर्फावर उतरत. १९७५ मध्ये जुन्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेच्या जागी ‘एसएम-लीगा’ ही नवी साखळी आली आणि तिच्याबरोबर खेळ हळूहळू पूर्ण व्यावसायिक होत गेला. जुन्या साखळीचे शेवटचे अजिंक्यपद टाप्पारानेच जिंकले होते. आज साखळीत खेळणारा मुख्य संघ कंपनी चालवते, तर मुलांचे संघ नोंदणीकृत संस्थेकडे आहेत. पैसा वरच्या मजल्यावर आला, पण खालचा मजला कोणी पाडला नाही; गल्लीतला सात-आठ वर्षांचा मुलगा आजही त्याच नावाचा आणि त्याच रंगांचा सदरा घालून खेळायला लागतो. म्हणून टाप्पारा कागदोपत्री कंपनीचा असला, तरी खरा मालक शहर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यशाचा ओघ मात्र अखंड नव्हता. १९८६ ते १९८८ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवल्यानंतर टाप्पाराला पुढच्या विजयासाठी २००३ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे २०१६, २०१७ आणि २०२२ ते २०२४ अशी पाच अजिंक्यपदे आली; जुन्या नावाने मिळवलेली धरून २०२४ पर्यंतची एकूण संख्या २० होते. २०२३ मध्ये त्यांनी युरोपातील चॅम्पियन्स हॉकी लीगही जिंकली. इल्व्हेसची अजिंक्यपदे १६ असून त्यांतले शेवटचे १९८५ चे आहे. इतक्या वर्षांत एकही मोठा चषक न येता त्या संघाच्या मागे लोक उभे राहिले, याबद्दल मला टाप्पाराच्या विजयांपेक्षाही अधिक आदर वाटतो.

प्रश्न : इतक्या थंड देशात कृत्रिम बर्फाची गरज काय? आणि दोन संघ एकाच मैदानावर कसे नांदतात?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : थंडी असली, तरी ती भरवशाची नसते. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो, एका दुपारी बर्फ वितळले की सामना रद्द होतो आणि हिमवर्षाव झाला तर आधी फावड्याने मैदान मोकळे करावे लागते. कृत्रिम बर्फाच्या मैदानात जमिनीखाली नळ्यांचे जाळे असते. त्यांतून अतिशय थंड केलेला द्रव फिरवला जातो आणि वर पातळ थरांनी पाणी सोडून ते गोठवतात. फिनलंडमधील असे पहिले मैदान टाम्पेरेच्या कोउलुकातू या रस्त्यालगत १९५६ मध्ये तयार झाले. तेही उघड्यावरच होते, पण सरावाचे दिवस त्यामुळे वाढले, आणि या खेळात बर्फावर घालवलेल्या तासांना पर्याय नाही. पुढे १९६५ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी हाकामेत्सा येथे देशातील पहिले बंदिस्त हॉकी सभागृह बांधले गेले. अर्धशतकाहून अधिक काळ दोन्ही संघ तेथे खेळले. डिसेंबर २०२१ पासून रेल्वेमार्गांवर छत टाकून उभारलेले नोकिया अरेना हे त्यांचे घर आहे. त्यात सुमारे १३ हजार प्रेक्षक मावतात, आणि तेथेच २०२२ मध्ये फिनलंडने कॅनडाला ४-३ असे हरवून जागतिक सुवर्णपदक जिंकले. नोकिया या कंपनीची सुरुवातही १८६५ मध्ये टाम्मेरकोस्कीच्या काठावरील कागदाच्या लगद्याच्या गिरणीपासून झाली होती. मैदान सामायिक असले, तरी ज्या संघाचा यजमान सामना असेल त्याचे रंग आणि त्याचे पाठीराखे त्या दिवशी पुढे असतात.

प्रश्न : टाप्पाराचे कोणते खेळाडू जगभर गाजले?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : १९९५ मध्ये फिनलंडने पहिले जागतिक सुवर्णपदक मिळवले, तेव्हाचा कर्णधार तिमो युतिला टाप्पारात घडलेला. पात्रिक लाइने २०१६ च्या विजयी संघात होता आणि त्याच वर्षी अमेरिका-कॅनडातील एनएचएल या साखळीच्या नवोदितांच्या निवडीत त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले गेले. अलेक्सांदर बार्कोव्हचे वडील टाप्पाराकडून खेळत, तो स्वतः टाम्पेरेत जन्मला आणि सोळाव्या वर्षीच टाप्पाराच्या मुख्य संघात आला. पुढे एनएचएलमधील फ्लोरिडा पँथर्स या संघाचा कर्णधार म्हणून २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्याने त्या साखळीचा विजेतेपदाचा स्टॅन्ले चषक उंचावला. हा मान मिळवणारा तो पहिला फिनिश कर्णधार आहे.