भीमेची वाळू, अडवलेले टिप्पर आणि तहसीलदारांची नोटीस

प्रश्न : आमच्या गावालगत भीमेच्या पात्रातील वाळूगटाचा लिलाव झाला आहे. ठेकेदार रात्री पोकलेनने उपसा करतो. त्यामुळे विहिरी आटल्या आणि मळईची जमीन ढासळू लागली, म्हणून आम्ही टिप्पर अडवले. आता तहसीलदारांनी बंधपत्रावर सही करण्यासाठी बोलावले आहे. सही करावी का? लिलाव सरकारी असल्याने उपसा थांबवता येत नाही, हे खरे आहे का?
— एक शेतकरी, मोहोळ तालुका, जि. सोलापूर

उत्तर : पहिल्याच तारखेला सही करू नका, मात्र तारीख चुकवूही नका. आपण ज्याला चॅप्टर केस म्हणतो, ती शांतता राखण्याची लेखी हमी (बंधपत्र) घेण्याची कारवाई भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते आणि कलम 130 नुसार दंडाधिकाऱ्यांच्या (इथे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांच्या) लेखी आदेशात आपल्याविरुद्ध मिळालेल्या माहितीचा सारांश असावाच लागतो. नुसते ‘शांतताभंगाची शक्यता’ एवढेच छापलेले असेल, तर त्यावर लेखी हरकत घ्या. समाजवादी नेते मधु लिमये यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये हे स्पष्ट केले असून, चौकशी सुरू होण्यापूर्वी अंतरिम बंधपत्र मागता येत नाही, असेही म्हटले आहे. सही म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, पण बंधपत्राची मुदत एक वर्षापर्यंत असू शकते आणि त्या काळात पुन्हा टिप्पर अडवलात तर बंधपत्रात लिहिलेली रक्कम जप्त होऊ शकते.

आता उपशाकडे वळू. लिलावाने ठेकेदाराला ठरावीक हद्दीतील ठरावीक ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) वाळू अटींवर उचलण्याचा हक्क मिळतो, नदी मिळत नाही. वाळूचे सरकारी धोरण 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रास दराने विक्रीकडे वळले आणि 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे आले. परंतु पर्यावरण मंजुरीची गरज दोन्ही वेळा कायम राहिली, कारण पाच हेक्टरांपेक्षा लहान वाळूपट्ट्यालाही ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात ठरवले आहे. म्हणून आपल्या प्रकरणात भाषणापेक्षा कागद जास्त कामाचा आहे.

जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात मंजुरीची प्रत, हद्दीचा नकाशा, खाणकाम आराखडा आणि वाहतूक परवाने मागा. मंजुरीत उपशाची वेळ, खोली आणि यंत्रांचा वापर यांवर कोणत्या अटी आहेत, हे पाहिल्याशिवाय उल्लंघन सिद्ध होणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडील निरीक्षण विहिरीच्या नोंदीही मागवा. आपली विहीर उपशामुळेच आटली की दुष्काळाने, हाच वाद ठेकेदाराचा वकील प्रथम काढेल. रात्रीच्या उपशाची छायाचित्रे तारीख, वेळ आणि ठिकाणासह घ्या आणि तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी लेखी करून पोच घ्या.

हद्दीबाहेर किंवा परवान्यापेक्षा जास्त वाळू उचलली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहने जप्त करता येतात. शिवाय ती चोरीही ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या संजय प्रकरणानंतर ‘हा महसूलचा विषय आहे’ असे सांगून पोलिसांना हात झटकता येत नाहीत.

उपसा थांबवण्याची दाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे मागा. कलम 14 खालील अर्जाची मुदत वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने असून, सबळ कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळतात. विहीर कधी आटली, ती तारीख आपण कळवलेली नाही. वकिलाला पहिल्यांदा तीच सांगा.