गिअरचा खटका रिकामाच फिरतोय

प्रश्न: माझी सायकल दोनेक वर्षं पडून होती, आता बाहेर काढली तर उजव्या हाताचा अंगठ्याचा गिअर लिव्हर नुसता आत जातो, टक् असा आवाजच येत नाही आणि चेन सगळ्यात लहान चाकावरच राहते. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा भाग) नवीनच घ्यावा लागेल का?

उत्तर: अहो थांबा, लगेच नवीन घेऊ नका! बहुतेक वेळा आतलं जुनं ग्रीस सुकून चिकट झालेलं असतं, त्यामुळे दात्यात अडकणारा छोटा खटका मागेच चिकटून बसतो आणि लिव्हर काही पकडतच नाही. केबलच्या भोकातून आणि लिव्हरच्या फटीतून गंज सोडवणारा पातळ स्प्रे भरपूर मारा, 10-15 मिनिटं तसंच राहू द्या, मग लिव्हर पन्नासेक वेळा दाबत राहा. आधी अधूनमधून पकडेल, मग प्रत्येक वेळी टक् ऐकू येईल (फार बरं वाटतं तेव्हा). नंतर पातळ तेलाचे थेंब नक्की सोडा, नाहीतर पुन्हा तेच. स्प्रे ब्रेकवर अजिबात जाऊ देऊ नका. शिफ्टर खोलायचा मोह मात्र टाळाच, आतली स्प्रिंग उडाली की परत बसवणं महाकठीण. टक् येऊनही चेन हलली नाही तर शिफ्टरमधलं केबलचं टोक बघा, बऱ्याचदा तिथेच तारा तुटलेल्या सापडतात, मग फक्त केबल बदला.