८ ऑक्टोबर की १ एप्रिल?

प्रश्न: मुलाला शाळेत हवाई दलावर प्रोजेक्ट दिलाय. एके ठिकाणी स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ लिहिलीय, दुसरीकडे १ एप्रिल १९३३. खरी तारीख कोणती?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही खऱ्या, दोन्ही लिहायला सांगा त्याला. ८ ऑक्टोबरला हवाई दल कायद्याने अस्तित्वात आलं आणि इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकलेल्या आपल्या पोरांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं, म्हणून एअर फोर्स डे त्या दिवशी. पण विमानांची पहिली तुकडी उभी राहिली ती १ एप्रिल १९३३ ला, कराचीत ड्रिग रोडला. (जेआरडी टाटा टपाल घेऊन जुहूला निघाले तेही ह्याच ड्रिग रोडवरून, १५ ऑक्टोबर १९३२ ला, म्हणजे हवाई दल अस्तित्वात आल्यावर बरोब्बर आठवड्याने!)

तुकडी म्हणजे किती, तर चार वापिटी विमानं, दुहेरी पंखांची, उघड्या कॉकपिटची. पायलट पाच, त्यातले सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सहावे अधिकारी टंडन, त्यांची उंची कमी पडली म्हणून पायलट होता आलं नाही, मग सामानसुमानाचं काम त्यांच्याकडे आलं.

आणि १९ हवाई सिपाही. हे लोक प्रोजेक्टमधून नेहमी सुटतात आणि मला ते फार खटकतं, कारण विमान उडण्यालायक ठेवायचं काम त्यांचंच, हात काळे करून. त्यांच्यातले एक हरजिंदर सिंग, लाहोरला इंजिनिअरिंग शिकलेले, डिग्री हातात असून साधा सिपाही म्हणून भरती झाले. पुढे फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी बर्मात पुढे सरकत होते तेव्हा जम्बो मजुमदारांच्या १ नंबर स्क्वाड्रनकडे (म्हणजे हीच पहिली तुकडी) होती लायसँडर, ती मुळात टेहळणीची विमानं, त्यांना मोठे बॉम्ब लावायची सोय हरजिंदर आणि त्यांच्या माणसांनी तिथल्या तिथे जुगाड करून केली आणि मजुमदार तीच विमानं घेऊन थायलंडमधल्या जपानी तळावर बॉम्ब टाकून आले. मुलाला हा किस्सा नक्की लिहायला सांगा, फोटोंपेक्षा तो जास्त बोलतो.

हेच हरजिंदर पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि १९६१ मध्ये कानपूरला भारतात बनलेलं पहिलं अ‍ॅव्हरो हे वाहतुकीचं विमान उडालं ते त्यांच्याच देखरेखीखाली.