अंदाज बांधतात, तर्क लढवतात, अनुमान काढतात

प्रश्न असा आला आहे: चिकित्सक विचार शिकताना मराठीत 'अंदाज', 'तर्क', 'अनुमान', 'युक्तिवाद' हे शब्द सारखे भेटतात; ते समानार्थी मानावेत का?

मानू नयेत. बोलताना आपण ते सर्रास मिसळतो, पण फरक कळायला कोशापेक्षा क्रियापदं उपयोगी पडतात. अंदाज बांधतात, तर्क लढवतात आणि अनुमान काढतात. काढायचं म्हटलं की ज्यातून काढायचं ते आधी हाताशी हवं. 'अनु' म्हणजे मागाहून: एक गोष्ट कळली आणि तिच्या आधाराने दुसरी कळली. डोंगरावर धूर दिसतोय. धूर तिथे विस्तव, हे ठाऊक आहे. म्हणजे डोंगरावर विस्तव आहे. न्यायशास्त्रातलं (कायद्याचं नव्हे, न्याय या प्राचीन भारतीय दर्शनातलं) हे उदाहरण घासून गुळगुळीत झालंय, पण याहून सोपं मला अजून मिळालेलं नाही. अंदाजाला असा आधार दाखवावाच लागत नाही, अंदाजपंचेही चालतं. शब्द फारसी, मुळात 'फेकणे' या अर्थाच्या क्रियापदाचा. तिरंदाज आणि गोलंदाज यांच्यातला 'अंदाज' तोच!

'तर्क' जरा अडचणीचा आहे. न्यायदर्शनात तो स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, नाही; प्रमाणाचा मदतनीस आहे: 'विस्तव नसता तर धूरही नसता' असं उलटून पाहणं म्हणजे तर्क. आज तर्कशास्त्र, तर्कशुद्ध, तर्कदोष असा सगळा कारभार त्याच्याकडे आलाय, आणि तरी 'उगाच तर्क करू नका' म्हणताना त्याची किंमत अंदाजाएवढीच उरते. म्हणून मी सुटा 'तर्क' शक्यतो टाळतो.

युक्तिवाद म्हणजे आधारविधानं आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष, दोन्ही मिळून. त्यातल्या 'युक्ती'चा क्लृप्तीशी संबंध जोडू नये, आणि 'वाद' आहे म्हणून भांडणाशीही.

खरी गफलत 'सत्य' आणि 'युक्त' यांत होते. विधान सत्य किंवा असत्य असतं; युक्तिवाद युक्त किंवा अयुक्त. (काही जण 'वैध' म्हणतात, तेही चालेल.) हे पाहा: सगळे मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा कल्ल्यांनी श्वास घेतो. युक्तिवाद म्हणून यात खोट नाही. पहिली दोन विधानं मान्य केलीत तर तिसरं नाकारता येत नाही. निष्कर्ष मात्र असत्य, कारण देवमासा सस्तन प्राणी आहे, तो फुप्फुसांनी श्वास घेतो. अशा वेळी 'तुमचा तर्क चुकला' म्हणणं बरोबर नाही. चुकलंय ते दुसरं आधारविधान.

गंमत म्हणजे एरवी ते विधान कुणी उच्चारतही नाही. न बोलता धरून चाललेल्या अशा विधानाला 'गृहीतक' म्हणतात, आणि इथे ते प्राण्याच्या नावातच दडून बसलंय.