एजंट भलतंच टूल का उचलतो?

प्रश्न: आम्ही पुण्यात एका पेमेंट ॲपचं टेस्टिंग करतो. टीममध्ये एआय एजंट आणलाय आणि त्याला टूल्स दिलीत, टेस्ट चालवायचं, लॉग बघायचं, एनव्हायर्नमेंट रीसेट करायचं वगैरे. त्रास असा की टेस्ट फेल झाली की हा पठ्ठ्या आधी एनव्हायर्नमेंट रीसेट करतो आणि मग लॉग बघायला जातो, तोवर लॉग साफ! मॉडेल बदलून पाहिलं, तरी तेच. लीड म्हणतो मॉडेलच मठ्ठ आहे. खरंच तसं आहे का?

उत्तर: मॉडेलला शिव्या घालायच्या आधी रीसेटच्या टूलचं डिस्क्रिप्शन बघा की. तुम्ही पत्रासोबत पाठवलंय त्यात एवढंच आहे, "टेस्ट एनव्हायर्नमेंट रीसेट करतं". आणि लॉगच्या टूलचं, "लॉग आणतं". बास. आता एजंटच्या जागी बसून बघा, त्या टूलच्या आतला कोड त्याच्यासमोर नाही, तुमच्या रोजच्या स्टँडअपला तो नसतो, त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सची स्कीमा, म्हणजे कुठली माहिती कशा रूपात द्यायची ते. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं एमसीपी, म्हणजे एजंटला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत, वापरत असाल तरी तेच, एजंटकडे सर्व्हरवरून टूल्सची जी यादी येते तिच्यात मुख्यतः एवढंच असतं. रीसेट मारलं की लॉग जातात हे तुमच्या टीमला पाठ आहे हो, पण लिहिलंय कुठे? आणि फेल झालं की सगळं साफ करून परत चालवायचं ही खोड आपल्यातल्या बऱ्याच जणांनाही आहे, त्यामुळे एजंटने तसं केलं तर नवल नाही.

मी असतो तर असं लिहिलं असतं: "टेस्ट एनव्हायर्नमेंटचा डेटाबेस मूळ सीड डेटावर आणतं आणि ॲपचे सगळे लॉग कायमचे पुसतं. नवीन रन सुरू करण्याआधी वापरा. टेस्ट फेल झाली असेल तर आधी लॉग_आणा ने लॉग वाचा, ते वाचून होईपर्यंत हे वापरू नका. रीसेट चालू असताना टेस्ट चालवली तर ती कनेक्शन एररने फेल होते, तो ॲपमधला बग नाही. उत्तरात डेटा येत नाही, फक्त झालं की नाही तेवढं येतं."

यात सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे कधी वापरू नका ते. टूल काय करतं हे सगळेच लिहितात, पण शेजारच्या टूलचं नाव घेऊन "तिकडे जा" असं कोणी लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला ब्राउझर चालवू देणाऱ्या टूल्सच्या संचात, हे छान केलंय. तिथे स्क्रीनशॉट काढायचं एक टूल आहे आणि पेजचा ॲक्सेसिबिलिटी स्नॅपशॉट (पेजवरच्या बटणं, लिंक वगैरेंची मजकुरातली यादी) घ्यायचं दुसरं, दोन्ही ऐकायला जुळी भावंडं. म्हणून स्क्रीनशॉटच्या डिस्क्रिप्शनमध्येच सांगून टाकलंय की यावरून क्लिक वगैरे ॲक्शन करता येणार नाहीत, त्यासाठी स्नॅपशॉट वापरा. संपला घोळ.

पॅरामीटर्सकडेही बघा जरा. तुमच्याकडे "एनव्ही" नावाची नुसती स्ट्रिंग आहे, मग एजंट कधी स्टेजिंग लिहिणार, कधी एसटीजी, आणि एखाद्या दिवशी प्रॉडक्शन, म्हणजे खऱ्या ग्राहकांचं. ठरलेल्या व्हॅल्यूंची यादी, म्हणजे इनम, द्या आणि त्यात प्रॉडक्शन ठेवूच नका. एरर मेसेजचंही तसंच, "चुकीचा आयडी" एवढंच परत पाठवलं तर तो अंदाजपंचे दुसरा आयडी टाकत बसतो, "हा रन आयडी सापडला नाही, टेस्ट_चालवा च्या उत्तरात आलेला आयडी द्या" असं पाठवलं तर बहुतेक वेळा स्वतःच सुधारतो.

एक मात्र लक्षात ठेवा, डिस्क्रिप्शन म्हणजे कुलूप नाही. एमसीपीमध्ये टूल विध्वंसक आहे असं सांगायची खूण लावता येते, पण तीही नुसती सूचनाच. जे व्हायलाच नको त्याचे क्रेडेन्शियल्स (लॉगिन, पासवर्ड) एजंटला देऊ नका, विषय संपला.

प्रश्न: आमच्याकडे चाळीसेक टूल्स आहेत. प्रत्येकाचं एवढं लांबलचक लिहिलं तर टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते, नाही का वाढणार?

उत्तर: वाढणार ना, कारण टूल्सची माहिती साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जाते. पण कात्री वाक्यांना नाही, टूल्सना लावा. अँथ्रॉपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका टूलला किमान ३-४ वाक्यं लिहा असा सल्ला आहे आणि ओपनएआयच्या गाइडमध्ये एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स, म्हणजे टूल्सच, ठेवायचा. तुमच्या यादीत लॉगिन टेस्ट, रिफंड टेस्ट, चेकआउट टेस्ट अशी वेगवेगळी टूल्स दिसतायत, ती कशाला? एकच टेस्ट चालवायचं टूल आणि त्याला सूट (टेस्टचा गट) हा पॅरामीटर, निम्मा पसारा तिथेच आवरेल.

प्रश्न: डिस्क्रिप्शन बदललं ते खरंच सुधारलं का, हे कसं कळणार?

उत्तर: टेस्टर आहात आणि हे मला विचारताय! रोजच्या कामातल्या मागण्या गोळा करा, "कालच्या रनमधली रिफंडची टेस्ट का पडली बघ" असल्या, आणि प्रत्येकीपुढे कुठलं टूल आधी उचललं जायला हवं ते लिहून ठेवा. प्रत्येक मागणी अनेकदा चालवा, कारण मॉडेल दर वेळी तसंच वागेल याची खात्री नाही, एकदा बरोबर आलं म्हणून पास धरू नका. काही मागण्या अशाही ठेवा जिथे कुठलंच टूल लागत नाही, नाहीतर "रिग्रेशन म्हणजे काय" विचारलं तरी हा सूट चालवायला घेईल आणि तुम्हाला कळणारही नाही. आणि एका टूलचं डिस्क्रिप्शन बदललं तरी पूर्ण सेट चालवा, रीसेटला जास्त दम दिला की एजंट रीसेट करायलाच घाबरतो आणि जुन्या डेटावर टेस्ट चालवत बसतो, असले प्रकार होतात.

प्रश्न: मराठीत लिहिलं तर चालतं का?

उत्तर: मोठी मॉडेल्स समजून घेतात, पण देवनागरीला सहसा टोकन जास्त लागतात आणि टीममध्ये मराठी न वाचणारं कोणी आलं की पंचाईत. टूलचं नाव मात्र इंग्रजी लिपीतच ठेवा, ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघांच्या एपीआयमध्ये नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन चालतात. वर मी लॉग_आणा लिहिलंय ते फक्त तुम्हाला वाचायला, तसंच्या तसं टूलचं नाव म्हणून दिलंत तर रिक्वेस्टच रिजेक्ट होईल.