वाचकांचे प्रश्न : जुन्या कार्टूनमधील काळे चेहरे

मागील अंकात जुन्या चित्रफितींच्या जतनाविषयी लिहिताना मी म्हटले होते की १९३० आणि १९४० च्या दशकांतील अमेरिकन कार्टून, त्यांतील कृष्णवर्णीयांच्या विडंबनासह, जशीच्या तशी दुरुस्त करून ठेवली पाहिजेत. त्या एका वाक्याविषयी सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेत आहे. पहिल्या पत्राने मला माझेच वाक्य पुन्हा तपासायला लावले, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. जुलैमध्ये पावसामुळे वर्गात निम्मीच मुले होती, म्हणून पेन ड्राइव्हमधील ‘टॉम अँड जेरी’चे जुने भाग स्मार्ट बोर्डावर लावले. एका भागात स्फोट होतो आणि टॉमचे तोंड काळे, ओठ जाड, डोक्यावर लहान लहान वेण्या असे होऊन जाते. मुले हसली आणि हसता हसताच तिसऱ्या बाकाकडे वळून पाहू लागली. तिथे सिद्दी समाजाची एक मुलगी बसते. तिने दप्तर मांडीवर ओढून घेतले आणि त्यात काहीतरी शोधत राहिली. मी लगेच बोर्ड बंद केला. असली चित्रे पैसे खर्चून कोणी नवी कोरी करत असेल, तर ते नेमके कोणासाठी?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : बाई, आपण बोर्ड बंद केलात ते योग्यच केलेत. जपणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मागील वेळी मी स्पष्ट लिहायला हवे होते. एखादी चित्रफीत शीतगृहात नीट ठेवावी, तिची उत्तम प्रत काढावी, याचा अर्थ ती तिसरीच्या वर्गात लावावी असा होत नाही. जपण्याचा निर्णय चित्रफितीची अवस्था पाहून घ्यायचा असतो. दाखवण्याचा निर्णय मात्र समोर कोण बसले आहे हे पाहूनच घ्यावा लागतो, आणि आपल्या वर्गात ती मुलगी बसली होती.

तो चेहरा आला कोठून, हे आपल्याला ठाऊक असावे असे वाटते. १८३० च्या दशकात अमेरिकेतील गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ मोठे रंगवून, गुलामांची नक्कल करत रंगमंचावर नाचत असत. टी. डी. राइस या नटाने ‘जिम क्रो’ नावाचे असे पात्र लोकप्रिय केले आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील वर्णभेदी कायद्यांना तेच नाव पडले. कार्टूनकारांनी हा चेहरा त्या रंगमंचावरून उचलला. म्हणजे टॉमच्या तोंडावर आपल्या मुलांनी जे पाहिले ते कोणत्याही आफ्रिकन माणसाचे चित्र नव्हते. ते एका गोऱ्या नटाने चढवलेल्या मुखवट्याचे चित्र होते. सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले; त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात उतरवले आणि तेथून निसटून ते सह्याद्रीच्या रानात, हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या बाजूला येऊन राहिले. त्यांच्या लेकीला समुद्रापलीकडच्या त्या मुखवट्याशी वर्गाने जोडून टाकले. ओळख म्हणून मुलांसमोर तेवढेच चित्र होते, म्हणून त्यांनी ते वापरले.

‘त्या काळी यात कोणाला काही गैर वाटत नव्हते’ असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. वॉल्टर लँट्झ यांच्या स्टुडिओने १९४१ मध्ये काढलेल्या एका कार्टूनमध्ये कृष्णवर्णीयांची सगळी वस्तीच आळशी दाखवली होती. ते १९४८ मध्ये पुन्हा चित्रगृहांत आले तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने ते वितरित करणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीकडे लेखी निषेध नोंदवला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ते मागे घेतले. ज्यांचे चित्र काढले जात होते त्यांना ते पहिल्यापासून टोचत होते. त्यांचे कोणी विचारत नव्हते, एवढेच.

आता आपला मुख्य प्रश्न : कोणासाठी? एक उदाहरण देते. १९६८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनचे हक्क बाळगणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने १९३१ ते १९४४ या काळातील अकरा कार्टून दूरदर्शन प्रक्षेपणातून काढून घेतली. त्यांतील विडंबन इतके मुळात मुरलेले होते की एखादे दृश्य कापून काही साधणार नव्हते. निर्णय चांगल्या हेतूने झाला, पण पुढे काय घडले ते पाहा. मूळ निगेटिव्ह कुलपात राहिली आणि बाहेर राहिल्या त्या झिजलेल्या प्रतींच्या प्रतींच्या प्रती. त्यांवर वर्ष नाही, निर्मात्याचे नाव धड वाचता येत नाही, प्रेक्षकाला सावध करणारी एक ओळ नाही. आपल्या पेन ड्राइव्हमध्येही अशीच, कोणी कोठून उतरवली ते ठाऊक नसलेली प्रत असणार. ज्या चित्राचा कोणी धनी राहत नाही, ते नेमके मुलांपर्यंत पोहोचते.

याउलट २०१० मध्ये हॉलिवूडमधील एका अभिजात चित्रपट महोत्सवात त्या अकरांपैकी आठ कार्टून दुरुस्त करून, प्रौढ प्रेक्षकांपुढे, इतिहासकाराच्या प्रास्ताविकासह दाखवण्यात आली. वॉर्नर कंपनीच्या काही डीव्हीडी संचांवर तर स्पष्ट निवेदन असते : हे चित्रण तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे, पण ते लपवणे म्हणजे असा पूर्वग्रह कधी नव्हताच असे म्हणण्यासारखे होईल. हे निवेदन मला पटते. अन्याय झाला होता हे सांगणाऱ्याकडे पुरावा असावा लागतो, आणि त्या चित्रफिती हा पुरावा आहे. सिद्दी समाजातील एखादी मुलगी उद्या या विषयावर संशोधन करायला बसली, तर तिला स्वच्छ, पूर्ण प्रत मिळायला हवी.

वर्गाविषयी एवढेच सुचवते की त्या मुलीला पुढे बोलावून काही विचारू नका आणि तिच्या नावाने सर्वांना उपदेशही करू नका. सिद्दींचा इतिहास आपल्या तालुक्याचाच इतिहास आहे. परिसर अभ्यासात तो सहज येऊ शकतो. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतले गेले, पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील त्यांच्याच भाऊबंदांना त्यासाठी २०२० च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले, ही गोष्ट चौथी-पाचवीच्या मुलांना समजण्यासारखी आहे. त्यांच्या मनात त्या मुलीविषयी टॉमच्या चेहऱ्याखेरीज दुसरे काही येऊ द्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आजची सॉफ्टवेअर एका रात्रीत चेहरा बदलू शकतात. मग दुरुस्ती करतानाच ती दोन-चार सेकंदांची दृश्ये काढून किंवा रंगवून का टाकू नयेत? कोणाचे मन दुखणार नाही आणि कार्टूनही वाचेल.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपली सूचना नवी नाही, संगणक येण्यापूर्वीच ती दोनदा अमलात आणून झाली आहे. १९४० च्या ‘फँटेशिया’ या डिस्ने चित्रपटात गोऱ्या अश्वकन्यांच्या खुरांना पॉलिश करणारी एक काळी, गाढवाच्या अंगाची दासी होती. १९६९ मध्ये ती काढून टाकली. पुढच्या प्रतींत काही ठिकाणी चौकट मोठी करून तिला काठाबाहेर ढकलले, त्यामुळे तेवढ्या दृश्यापुरते चित्र भरड दिसते. तुटलेल्या दातात जीभ जावी तशी नजर नेमकी तिथेच जाते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘टॉम अँड जेरी’त १९४० पासून घरकाम करणारी एक कृष्णवर्णीय बाई होती. बहुधा तिचे पायच दिसत, पण आवाज सतत येई, आणि तो आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. १९६० च्या दशकात दूरदर्शनसाठी त्या बाईचे पाय गोरे करण्यात आले, काही ठिकाणी तिच्या जागी नवीच आकृती काढली आणि आवाज आयरिश ढंगात दुसऱ्या कलावतीकडून भरून घेतला. विडंबन पुसण्याच्या प्रयत्नात पुसली गेली ती लिलियन रँडॉल्फ यांची कामगिरी. स्टुडिओने त्यांना मोलकरणीच्या भूमिकेपलीकडे काही दिले नाही हा एक अन्याय, आणि दिलेलेही नंतर खोडून टाकले हा दुसरा.

आपण तंत्राचे विद्यार्थी आहात म्हणून थोडे तपशिलात सांगते. त्या काळच्या टेक्निकलर या रंगीत पद्धतीच्या कार्टूनमध्ये प्रत्येक चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीनदा, एकामागून एक, एकाच कृष्णधवल फिल्मवर टिपले जाई. आज ती फिल्म स्कॅन करून तिन्ही नोंदी एकमेकींवर अचूक बसवाव्या लागतात, कारण ऐंशी वर्षांत फिल्म आकसलेली असते. त्यानंतर धूळ आणि ओरखडे काढण्याचे काम येते आणि खरी परीक्षा तिथे लागते. एका प्रयोगशाळेत मी पडद्याशेजारी बसून पाहिले आहे : धूळ काढणाऱ्या सॉफ्टवेअरने मांजराच्या उजव्या मिशीची शाईची रेघ ओरखडा समजून खाऊन टाकली होती. पुढच्या फ्रेममध्ये मिशी होती, त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा नव्हती, आणि प्रत्यक्ष चालवले की मिशी थरथरल्यासारखी दिसे. काम करणाऱ्या मुलाने ते पाहिले नव्हते. मला त्या क्षणी फार वाईट वाटले, कारण ती रेघ कोणीतरी हाताने ओढलेली होती.

तेव्हापासून मी एका नियमाला घट्ट धरून आहे, आणि या क्षेत्रातील जाणती माणसेही त्यालाच धरून असतात. कॅमेऱ्याखाली सेल, म्हणजे चित्र रंगवलेला पारदर्शक ताव, ठेवताना त्यावर धुळीचा कण राहिला असेल, तर तो मूळ चित्राचा भाग आहे, तो ठेवायचा. नंतर प्रोजेक्टरने पाडलेला ओरखडा मूळचा नाही, तो काढायचा. या नियमाने पाहिले तर काळे फासलेला तो चेहरा ओरखडा ठरत नाही. तो विचार करून, पगार देऊन, कंपनीच्या मान्यतेने काढलेला आहे. तो रंगवून टाकणे म्हणजे चित्रफितीची दुरुस्ती नव्हे, कंपनीच्या वर्तनाची दुरुस्ती आहे, आणि ती ऐंशी वर्षांनी करता येत नाही.

लहान मुलांसाठी वेगळी, कापलेली आवृत्ती काढायला माझी हरकत नाही, मात्र ती कापलेली आहे असे तिच्यावर लिहिलेले असावे आणि पूर्ण प्रत अभ्यासकांना मिळावी. कापण्याचे काम मूळ निगेटिव्हवर तर कधीच होऊ नये. वॉर्नर कंपनीने जुनी कार्टून पुन्हा प्रदर्शित करताना निगेटिव्हवरील सुरुवातीच्या श्रेयपाट्या काढून नव्या जोडल्या; त्यांतील बऱ्याच मूळ पाट्या आजतागायत सापडलेल्या नाहीत.

प्रश्न : आमच्या थोरल्या काकांनी मुंबईहून आणलेली काही १६ मिलिमीटरची कार्टूनची रिळे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. त्यांना व्हिनेगरसारखा वास येतो. एका रिळात नदीकाठी लोळणारी काळी माणसे कलिंगड खाताना दिसतात. घरातले म्हणतात, असले जाळून टाका. काय करावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जाळू नका. कलिंगडाचे ते चित्र अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना हिणवण्याचे ठरलेले साधन होते. घरातल्यांना ते किळसवाणे वाटले याचा मला आदरच आहे. परंतु ते रीळ कोणत्या कार्टूनचे, कोणत्या प्रतीचे, त्यात मूळ श्रेयपाटी शाबूत आहे का, हे पाहिल्याशिवाय ते नष्ट करू नये.

व्हिनेगरचा वास म्हणजे फिल्मचा अॅसिटेटचा आधार, म्हणजे चित्र ज्यावर असते ती प्लॅस्टिकची पट्टी, कुजू लागला आहे. ती आम्लाची वाफ शेजारच्या निरोगी रिळांनाही लागते, म्हणून वास येणारी रिळे आजच वेगळी करा. घरातील जुन्या फोटोंच्या निगेटिव्हही त्यांच्याजवळ ठेवू नका. माळ्यावर कौलांखाली उन्हाळ्यात भट्टी तापते आणि पावसाळ्यात ओल येते. फिल्मला दोन्ही घातक आहेत. घरातली सर्वांत थंड आणि कोरडी खोली निवडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, हवा खेळती ठेवा. प्रोजेक्टरवर एकदा लावून पाहण्याचा मोह तर पूर्ण टाळा, कारण आकसलेल्या फिल्मची भोके दात्यांवर बसत नाहीत आणि ती फाटत जाते. हाताने उलगडून, दिव्यासमोर धरून पहिले दोन फूट पाहणे पुरे.

१६ मिलिमीटरची फिल्म सुरक्षित आधारावरच बनत असे, तेव्हा आग लागण्याचे भय नाही. पेटीत एखादे रुंद, ३५ मिलिमीटरचे, १९५० पूर्वीचे रीळ निघाले तर मात्र ते सहज पेट घेणाऱ्या नायट्रेटचे असू शकते. ते घरात ठेवू नका, त्याच्याजवळ दिवा-काडी नेऊ नका. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरील जुनी रिळे मोठ्या प्रमाणावर भस्मसात झाली. आपल्याकडील अॅनिमेशनचे तर आरंभच हरवले आहेत. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्यांना हालचाल देऊन केलेले चित्रही आज पाहायला मिळत नाही.

पुण्याच्या त्याच संग्रहालयाला पत्र लिहा आणि रिळांची यादी जोडा. तोपर्यंत प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने चिठ्ठी लिहून चिकटवा : रिळाचे नाव वाचता आले तर नाव, काकांनी ते साधारण कोणत्या वर्षी आणले, वास येतो की नाही. नदीकाठच्या त्या दृश्याचीही नोंद त्याच चिठ्ठीवर करा, म्हणजे पुढे डबा उघडणाऱ्याला आत काय आहे ते आधीच कळेल आणि ते कोणासमोर लावायचे हे त्याला ठरवता येईल.